अन्ननलिकेत कॉटरी वापरताना: भाजण्याची इजा कुठे होते आणि ती पायरीपायरीने कशी टाळायची

"सर, आधीच्याच केसचं सेटिंग ठेवू का?"

एंडोस्कोपी रूममध्ये कॉटरीबद्दल (करंटच्या उष्णतेने पेशी कापणारी आणि गोठवणारी मशीन) हा प्रश्न सहज विचारला जातो आणि तितक्याच सहज "हो, ठेव" असं उत्तर येतं. आधीची केस बहुतेक वेळा जठराची असते. जठराची भिंत जाड आणि बाहेरून सिरोझाचं पातळ आवरण. पुढची केस अन्ननलिकेची असली तर हिशेबच बदलतो. फुगवलेल्या अन्ननलिकेची भिंत जेमतेम ३ मिलिमीटर भरते, तिला सिरोझा नसतो आणि स्नायूचा थर ओलांडला की थेट मेडियास्टिनम, म्हणजे दोन फुप्फुसांच्या मधली जागा. तिथे महाधमनी, श्वासनलिका, हृदयाचा डावा कप्पा सगळे दाटीवाटीने बसलेले.

मी पूर्वी ज्या रुग्णालयात होतो तिथली एक केस डोक्यातून जात नाही. अन्ननलिकेच्या मधल्या भागातली छोटी गाठ ईएसडीने (दुर्बिणीतून भिंतीचा वरचा थर सोलून काढण्याची पद्धत) एकसंध निघाली, भोक कुठेही दिसलं नाही, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाला ताप आणि छातीत दुखणं. सीटीत अन्ननलिकेभोवती हवेचे बारीक बुडबुडे. मी व्हिडिओ परत लावला. नाइफ (कॉटरीच्या करंटवर कापणारं टोक) स्नायूत कुठेच घुसला नव्हता. एका रक्तवाहिनीवर मात्र निळं, म्हणजे गोठवायचं पेडल सलग दाबून धरलेलं होतं. मी सेकंद मोजले, सात भरले. पाय माझाच होता.

हा लेख ईएसडी आणि ईएमआर (तारेच्या फासात पकडून गाठ कापण्याची पद्धत) शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि त्यांच्या शेजारी उभ्या असणाऱ्या टेक्निशियन-सिस्टरांसाठी आहे. प्राण्याच्या नमुन्यावर हात बसलेला नसेल आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल, तर नुसतं हे वाचून कुणी अन्ननलिकेत नाइफ घालू नये.

## आधी एवढं पक्कं करा: भाजतं कशाने

वॅट हे मशीनवर दिसतं म्हणून सगळे वॅट विचारतात. भाजणं मात्र ठरतं ते टोक पेशींना किती जागेत टेकलंय आणि किती वेळ टेकलंय यावर. तोच करंट निम्म्या व्यासाच्या टोकातून गेला तर जागा चौथाई होते, करंटची दाटी चौपट होते आणि उष्णता दाटीच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती सोळा पट होते. उलट नाइफ आडवा टेकवला, तारेची सगळी बाजू पेशींना लागली, की कापणं थांबतं आणि नुसतं शिजणं सुरू होतं.

साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे प्रथिनं गोठतात, पेशी पांढऱ्या पडतात. १०० अंशाला पेशीतलं पाणी वाफ होऊन पेशी फुटते. ते झटकन झालं तर काप मिळतो. सावकाश झालं तर उष्णता आजूबाजूला आणि खाली पसरत राहते. त्याच्याही पुढे गेलं की काळा कोळसा.

हे वाचून कळत नाही, बघावं लागतं. चिकन ब्रेस्टचा एक जाडसर तुकडा आणा. वापरून बाद झालेला, फेकायला ठेवलेला नाइफ घ्या. तुकडा पेशंट पॅडवर (करंट परत मशीनकडे नेणारा चिकट पॅड) नीट चिकटवून ठेवा आणि सॉफ्ट कोॲगवर (न कापता नुसतं गोठवणारा मोड) टोक एक सेकंद टेकवा. शेजारी दोन सेकंद, मग चार, मग सात. ब्लेडने तुकडा उभा चिरा. वरून चारही ठिपके थोडेफार सारखेच दिसतात. आत पांढरा पट्टा किती खोल गेलाय ते स्केल लावून मोजा आणि आपल्या ३ मिलिमीटरशी ताडून बघा. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हे करायला लावतो. तुकडा, पॅड आणि नाइफ नंतर कचऱ्यात, रुग्णाच्या ट्रॉलीवर परत नाही.

## पायरी १: रुग्ण आणि पॅड

पॅड हे नर्सिंगचं काम म्हणून डॉक्टर बघत नाहीत आणि डॉक्टर बघतील म्हणून कधी कधी तिकडेही दुर्लक्ष होतं. करंट नाइफच्या टोकातून शिरतो आणि पॅडमधून बाहेर पडतो. पॅड अर्धा सुटला तर बाहेर पडायची जागा लहान होते आणि तिथे त्वचा भाजते.

रुग्ण डाव्या कुशीवर असतो, म्हणून पॅड वरच्या, म्हणजे उजव्या मांडीवर लावा. डावी मांडी गादीला दाबलेली असते आणि लाळ-पाणी ओघळून तिकडेच येतं. त्या जागेवरचे केस काढा, त्वचा कोरडी करा, स्नायू भरलेली जागा निवडा. जुना व्रण, हाडाचा उंचवटा, सांध्यातलं धातूचं इम्प्लांट, टॅटू या जागा टाळा. दुभागलेला पॅड असेल तर लांब कड छातीच्या दिशेला. एकदा उखडलेला पॅड पुन्हा चिकटवू नका, नवा घ्या. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढून ठेवा. मंगळसूत्राबद्दल घरचे कुरकुर करतात, ते आदल्या दिवशीच बोलून घ्या.

पेसमेकर किंवा आयसीडी (छातीत बसवलेलं, गरजेला हृदयाला शॉक देणारं यंत्र) असेल तर केसच्या दिवशी सकाळी धावाधाव करण्यात अर्थ नाही. कार्डिॲक टीमशी आधी बोला, आयसीडीची शॉक देण्याची सोय प्रक्रियेपुरती बंद करून घ्या, बाहेरचा डिफिब्रिलेटर हाताशी ठेवा. अन्ननलिकेच्या कामात करंटचा रस्ता छातीतूनच जातो, त्यामुळे "पॅड लांब लावला, आता चिंता नाही" हे इथे चालत नाही. पेडलचे टप्पे छोटे ठेवायचे आणि नजर मॉनिटरवर.

लांबणारी केस असेल तर श्वासनलिकेत ट्यूब घालूनच करा. पाणी, रक्त, लाळ सगळं तोंडाकडे येतं. रुग्ण खोकला की नाइफ हलतो, आणि हललेला नाइफ कुठे टेकेल हे तुमच्या हातात नसतं. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरा. चुकून भोक पडलंच तर तो लवकर शोषला जातो.

तपासा: कॉटरीवर पॅडचा हिरवा दिवा, पॅडची सगळी कड चिकटलेली, पॅडखाली ओल नाही. तासाभराने चादरीखाली हात घालून परत एकदा.

## पायरी २: मशीन

या लेखात वॅटचा तक्ता मुद्दाम दिलेला नाही. दिला की त्याचा फोटो निघतो, ग्रुपवर फिरतो आणि वेगळ्या मशीनवर, वेगळ्या नाइफला लावला जातो. एर्बे कंपनीच्या जुन्या व्हीआयओ मशीनवर इफेक्ट आणि वॅट दोन्ही लावावे लागतात. व्हीआयओ ३ वर बहुतेक मोडमध्ये नुसता इफेक्ट असतो आणि त्याची मोजपट्टीच निराळी आहे. एकावरचा "इफेक्ट ३" दुसऱ्यावरच्या "इफेक्ट ३"ला जुळत नाही. सुरुवातीचे आकडे आपल्या मशीनच्या आणि आपल्या नाइफच्या कंपनीच्या तक्त्यातून घ्या. अन्ननलिका असा वेगळा रकाना असेल तर तोच.

आकड्यांपेक्षा मोड समजून घेणं महत्त्वाचं.

कापायला ठिणगी लागते आणि ठिणगी पडायला साधारण २०० व्होल्टच्या वर दाब लागतो. सॉफ्ट कोॲग त्याच्या खालीच राहतं. ठिणगी नाही, काप नाही, कोळसा कमी, आणि उष्णता संथपणे खोल जाते. "सॉफ्ट" या नावाने फसलेले खूप जण पाहिलेत. धारेने ते सॉफ्ट आहे, खोलीने नाही. फोर्स्ड आणि स्विफ्टमध्ये व्होल्टेज हजाराच्या पुढे जातं आणि करंट तुटक तुटक येतो, म्हणून कापता कापता रक्तही थांबतं. स्प्रे त्याच्याही वर. अन्ननलिकेत स्प्रेपासून मी लांबच राहतो.

एंडोकटसारख्या मोडमध्ये मशीन स्वतःच कापते, थांबते, परत कापते. तिथे तीन आकडे असतात. इफेक्ट म्हणजे कापाच्या मधल्या काळात किती गोठवायचं. ड्युरेशन म्हणजे एका झटक्यात किती लांब कापायचं. इंटरव्हल म्हणजे दोन झटक्यांमध्ये किती अंतर. काप पुढे सरकत नाही म्हणून लोक आधी इफेक्ट वाढवतात आणि त्याने कड जास्त शिजते. नव्वद टक्के वेळा काप अडतो तो टोकाला कोळसा चढल्याने किंवा पेशी ताणलेल्या नसल्याने. (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेला आकडा नव्हे.)

कोळशाची गोष्ट खरंच साधी आहे. कोळसा चढला की टोक आणि पेशी यांच्यात अडथळा येतो, काप अडखळतो, आपण पेडल जास्त वेळ दाबतो, आणखी शिजतं, आणखी कोळसा चढतो. ट्रॉलीवर ओल्या गॉजची वाटी हवीच. काप अडखळला की पहिलं काम नाइफ बाहेर काढून पुसणं. आकडे त्यानंतर.

तपासा: सुरू करण्याआधी टेक्निशियनने मोड आणि आकडे मोठ्याने वाचायचे, डॉक्टरने स्क्रीनकडे बघून "बरोबर" म्हणायचं. पिवळं पेडल कापायचं, निळं गोठवायचं. पाय न बघता ठेवून दोन्ही ओळखू येतात का, रिकाम्या मशीनवर एकदा बघून घ्या. आधीच्या केसचा प्रोग्राम पुसलाय ना?

इशारा: नाइफ किंवा स्नेअरच्या (तारेचा फास) प्लास्टिकला तडा असेल तर तो टाकून द्या. करंट तड्यातून, जिथे तुमची नजर नाही तिथे बाहेर पडतो. उघडं टोक स्कोपच्या धातूला लागलेलं असताना पेडल दाबू नका.

## पायरी ३: खुणा आणि लिफ्ट

आपल्याकडे अन्ननलिकेचा कॅन्सर बहुतेक स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींचा) प्रकारचा, त्यामुळे कड दिसायला ल्युगोल (आयोडीनचं द्रावण) लागतं. ०.७५ ते १.५ टक्के पुरतं. आयोडीनची ॲलर्जी विचारा. फवारल्यावर अन्ननलिका आकसते. थोडं थांबा, ती सैल झाल्यावर खुणा करा आणि काम झाल्यावर सोडियम थायोसल्फेटने धुवून काढा.

खुणेसाठी नाइफचं टोक आत ओढलेलं हवं. सॉफ्ट कोॲग, कडेच्या २-३ मिलिमीटर बाहेर, एक हलका स्पर्श, पेडलचा एक टिचका. पांढरा ठिपका दिसला की बास. ठिपका काळा झाला किंवा खड्डा पडला तर पुढे त्याच भोकातून इंजेक्शन गळणार.

लिफ्ट, म्हणजे खाली इंजेक्शन देऊन वरचा थर फुगवून उचलणं, ही तुमच्या आणि स्नायूच्या मधली एकमेव गादी. साधं सलाइन चालतं, पण अन्ननलिकेत ते बघता बघता विरून जातं. सोडियम हायलुरोनेट किंवा ग्लिसरॉलचं मिश्रण जास्त वेळ टिकतं. तीव्र ग्लुकोज टिकतं खरं, पण ते स्वतःच पेशींना इजा करतं, म्हणून नको. इंडिगो कार्माइनचे थेंब टाका, निळा थर दिसला पाहिजे. ॲड्रिनलिन १ लाखात १ किंवा त्याहून पातळ.

सुई नेहमी तिरकी घाला. सरळ घातली तर स्नायूत जाते आणि फुगवटा वर येण्याऐवजी कुठेच येत नाही. फुगवटा आला नाही, किंवा कडा वर आल्या आणि मध्यभाग खाली बसून राहिला, तर थांबा. तिथे खाली चिकटलेलं आहे. आधीच्या बायोप्सीचा व्रण असेल किंवा गाठ खोल गेली असेल. "एक काप मारून बघू" हा विचार इथेच महाग पडतो.

एक सवय लावून घ्या: इंजेक्शन सुरुवातीला एकदा आणि मग संपलं, असं नाही. निळा थर पातळ दिसला की परत. हातातला नाइफ काढून सुई घालायचा कंटाळा येतो हे खरं आहे. टोकातून पाणी सोडणारा नाइफ त्यासाठी परवडतो.

## पायरी ४: पहिला काप

अन्ननलिकेत क्रम असा: आधी खालची, जठराकडची कड कापून घ्या, मग तोंडाकडची, मग बाजू. खालची कड आधी कापलेली असली की वरून येताना कुठे थांबायचं ते कळतं. नाहीतर डिसेक्शन (थर सोलणं) खुणेच्या पुढे जातं आणि जखम विनाकारण लांबते. जखम लांबणं इथे साधी गोष्ट नाही, स्ट्रिक्चरचा (जखम भरताना अन्ननलिका आकसून अरुंद होणं) मुद्दा पुढे येतोच. चारही बाजू एकदम कापू नका. एक बाजू शाबूत ठेवली तर इंजेक्शनचं पाणी गळून जात नाही.

नाइफ लहान टोकाचा घ्या, साधारण १.५ मिलिमीटर. २ मिलिमीटरचा जठरासाठी बरा. टोक सबम्युकोसात (अस्तर आणि स्नायूच्या मधला मऊ थर) टेकवा, वर उचला, मग पेडल. ढकलत कापायचं नाही, उचलत कापायचं. हूक असलेला नाइफ इथे उपयोगी: पेशी हुकात धरून पोकळीकडे ओढायच्या आणि मगच करंट.

डाव्या कुशीवर असलेल्या रुग्णाची डावी भिंत म्हणजे अन्ननलिकेतलं डबकं. सगळं पाणी आणि रक्त तिथे साचतं. सलाइनमध्ये बुडलेल्या टोकातून करंट पाण्यात फाकतो, काप लागत नाही आणि माणूस पेडल दाबत राहतो. शोषून घ्या, कोरडं करा, मग सुरू करा. गाठ डाव्या भिंतीवर असेल तर रुग्णाची कूस बदलायचा विचार आधीच करून ठेवा. सलाइन भरून पाण्याखाली काम करण्याची पद्धत आहे, पण तिचं सेटिंग वेगळं, सराव वेगळा. चुकून पाण्यात काम होणं म्हणजे ती पद्धत नव्हे.

तपासा: कापाच्या तळाशी निळं दिसतंय का? गुलाबी दिसत असेल तर मस्क्युलॅरिस म्युकोसी (अस्तरातला पातळ स्नायूचा पदर) पूर्ण कापली गेलेली नाही. पांढरे, आडवे, दोरीसारखे तंतू दिसले तर तो स्नायू आहे. पाय पेडलवरून उचला.

## पायरी ५: डिसेक्शन

इथे ताण हेच सगळं. ताणलेला सबम्युकोसा टोक लागताच सुटतो, सैल असलेला नुसता शिजतो. स्कोपच्या टोकाची पारदर्शक कॅप कापलेल्या पदराखाली घालून पदर उचला. तेवढ्याने भागत नसेल तर क्लिपला दोरा बांधून तो तोंडातून बाहेर घ्या आणि हलकेच ओढून धरा. दातांचा फ्लॉस यासाठी छान चालतो. जपानमधल्या एका बहुकेंद्री चाचणीत, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, या दोऱ्याच्या ओढीने अन्ननलिकेच्या ईएसडीचा वेळ स्पष्ट कमी झाल्याचं दिसलं. वेळ कमी म्हणजे पेडलवरचे सेकंद कमी.

मात्र त्या क्लिपला नाइफ लावू नका. क्लिप धातूची असते, करंट तिच्यातून थेट बुडाशी उतरतो. तुम्हाला वाटतं वर कापताय, आणि भाजतंय खाली, क्लिपच्या दातांजवळ.

नाइफ स्नायूला समांतर चालवा. स्नायूवर निळ्याचा पातळ पापुद्रा राहिला पाहिजे. स्नायू पूर्ण उघडा पाडून "स्वच्छ बेड" (जखमेचा तळ) मिळवायचा हव्यास अन्ननलिकेत करू नये. व्हिडिओत तो छान दिसतो, वॉर्डात नाही.

दातांपासून २५ सेंटिमीटरच्या आसपास महाधमनी आणि डाव्या श्वासनलिकेचा दाब येतो, तिथे भिंत ठोक्यासरशी हलते. हृदयामागेही तसंच. ठोक्यांच्या मागे धावायचं नाही. टोक स्थिर धरा, भिंत लांब गेली की टिचका, जवळ आली की पाय वर. भूलतज्ज्ञांना सांगितलं तर श्वास काही सेकंद थांबवून देतात. सांगायला लाज वाटू देऊ नका.

## पायरी ६: रक्तस्राव, म्हणजे जिथे खरं भाजतं

माझे सात सेकंद इथलेच. सगळ्यात जास्त इजा याच क्षणी होते, कारण रक्त दिसलं की नजर बिथरते आणि पाय जड होतो.

क्रम पाठ करून ठेवा.

पहिलं, पेडल सोडा. पाणी मारा आणि नेमकी रक्तवाहिनी शोधा. लाल डबक्यात अंदाजाने गोठवणं म्हणजे स्नायू भाजण्याचा हमखास मार्ग, कारण रक्तातून करंट पसरतो आणि रक्त थांबत नाही म्हणून आपण अजून दाबतो. दिसत नसेल तर कॅपच्या कडेने हलकेच दाबून धरा. मिनिटभर दाबल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरं, वाहिनी बारीक असेल तर नाइफचं टोक आत ओढून, नुसतं टेकवून एक छोटा टिचका. जाड असेल, किंवा धार उडत असेल, तर नाइफ बाहेर आणि हीमोस्टॅटिक फोर्सेप्स (वाहिनी पकडून गोठवणारा चिमटा) आत. इथे कंजुषी करून नाइफनेच चार-पाच वेळा भाजत बसणारे असतात. फोर्सेप्स महाग आहे, पण पाच टिचक्यांची उष्णता एकाच जागी साठते.

तिसरं, आणि हेच नेमकं विसरलं जातं: वाहिनी पकडली की फोर्सेप्स पोकळीकडे ओढा. थोडंसंच, तंबूसारखं. पकडल्यावर रक्त थांबलं का बघा. थांबलं नाही तर पकड चुकलीय, सोडा आणि परत पकडा. थांबलं तर सॉफ्ट कोॲग, एक ते दोन सेकंद. पेशी पांढऱ्या पडून आकसल्या की बास. बुडबुडे येईपर्यंत, कोळसा होईपर्यंत वाट बघायची नाही.

टेक्निशियनने इथे मोठ्याने मोजायचं: "एक... दोन... सोडा, सर." आमच्याकडे हा नियम आहे आणि मोजणाऱ्याला वरिष्ठ-कनिष्ठ काही नाही. सुरुवातीला एक सीनियर चिडायचे, आता मोजलं नाही तर तेच विचारतात.

चौथं, येणाऱ्या रक्तस्रावाची वाट न बघता, पुढे जाड वाहिनी दिसली तर कापण्याआधीच तिला दोन्ही बाजूंनी मोकळं करून, उचलून गोठवा. आधी गोठवलेल्या वाहिनीला एक सेकंद पुरतो. सुटलेली वाहिनी तळाशी आत ओढली जाते आणि मग आपण तिच्या मागे स्नायूवर जातो.

इशारा: शेवटी बेडवर दिसणारी प्रत्येक वाहिनी गोठवत सुटणं ही जठराची सवय. जठरात नंतरचा रक्तस्राव खरा धोका असतो. अन्ननलिकेत तो क्वचित होतो, आणि भाजल्याची किंमत जास्त. वाहत असेल किंवा ठसठशीत जाड असेल तेवढीच गोठवा.

## पायरी ७: ईएमआर असेल तर स्नेअरचं गणित

लहान गाठीला ईएमआर पुरते. तिथे इजेची कारणं थोडी वेगळी.

केसच्या आधी ट्रॉलीवर स्नेअर पूर्ण बंद करा आणि हँडलवर पेनने रेघ मारा. रुग्णात स्नेअर आवळताना हँडल त्या रेघेच्या बरंच अलीकडे अडलं, तर पकडीत जास्त ऐवज आलाय, कदाचित स्नायूसुद्धा. थोडं सैल करा, पोकळीच्या मध्याकडे उचला म्हणजे स्नायू निसटतो, परत आवळा. मग स्नेअर मागेपुढे हलवून बघा. पकडलेला भाग भिंतीवरून सरकला तर ठीक. भिंतच सोबत हलली तर सोडा.

अन्ननलिका अरुंद. स्नेअरचं टोक किंवा पकडलेल्या गाठीचं डोकं समोरच्या भिंतीला टेकलेलं राहतं, आणि करंटचा काही भाग तिकडून निघतो. समोरच्या भिंतीवर पांढरा डाग उठला की हेच झालंय. टोक दिसत नसेल तर करंट नाही.

आवळणाऱ्याने करंट सुरू झाल्यावर एका लयीत बंद करत जायचं. घाईने आवळलं तर गोठण्याआधीच कापलं जाऊन रक्त येतं. नुसत्या कोॲगवर हळूहळू चेपत बसलं तर खोल भाजतं. "आवळ" म्हटल्यावर किती आणि किती वेगाने, हे दोघांनी आधी बोलून ठेवा. कॅपमध्ये ओढून घेण्याच्या पद्धतीत ओढ बेताचीच ठेवा. लिफ्ट चांगली नसेल तर कॅपमध्ये स्नायूही सहज येतो.

## पायरी ८: बाहेर येण्याआधी, आणि नमुना

बेड पाण्याने धुवा आणि वरपासून खालपर्यंत सावकाश बघा. निळसर पापुद्रा असेल तर छान. स्नायूवर पांढरा, घट्ट, कडक दिसणारा डाग म्हणजे खोल भाजलंय. भोक नसलं तरी ती जागा दोन-तीन दिवसांनी गळू शकते. तिथे क्लिप लावायचा विचार करा, पण भाजलेल्या पेशीत नाही, शेजारच्या जिवंत पेशींमध्ये. स्नायूचे तंतू फाकून पलीकडची जाळीदार, पिवळसर चरबी दिसली तर ते भोकच आहे. फुगवणं कमी करा, क्लिप लावा, मानेवरून हात फिरवून त्वचेखाली हवा चुरचुरते का बघा, भूलतज्ज्ञांना लगेच सांगा. श्वासाचा दाब वाढतोय, ऑक्सिजन उतरतोय अशी चिन्हं असतील तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साचणं) डोक्यात ठेवा.

जखम परिघाच्या तीन चतुर्थांशाहून मोठी असेल तर स्ट्रिक्चर जवळजवळ ठरलेलं, आणि स्नायू भाजला असेल तर ते जास्त चिवट होतं. ते टाळायला ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं असेल तर ते उरलेल्या सबम्युकोसात, उथळ. स्नायूत गेलं तर उशिराने भोक पडल्याच्या घटना आहेत. तोंडाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देणारे दिवसाला ३० मिलिग्रॅमपासून सुरू करून सुमारे ८ आठवड्यांत उतरवत आणतात. मधुमेह, क्षयाचा इतिहास बघूनच. आपल्याकडे क्षयाचा प्रश्न विचारायचा राहता कामा नये.

नमुना ताबडतोब थर्माकोलवर किंवा कॉर्कवर ताणून टाचण्यांनी लावा, बाजू लिहा आणि १० टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवा. कड काळी, आकसलेली असेल तर पॅथॉलॉजिस्टला मार्जिन वाचता येत नाही, आणि गाठ पूर्ण निघाली की नाही हा प्रश्न रुग्णाच्या माथी राहतो. अहवालात "कड भाजलेली" असं वारंवार येत असेल तर तो तुमच्या सेटिंगवरचा शेरा समजा.

## पायरी ९: पुढचे ७२ तास

भाजलेली जागा त्याच दिवशी बोलत नाही. ताप, छातीत दुखणं आणि पांढऱ्या पेशी वाढणं, पण सीटीत गळती नाही, हे चित्र भाजण्याच्या प्रतिक्रियेचं असू शकतं. तोंडाने काही नाही, सलाइन, अँटिबायोटिक, दर काही तासांनी तपासणी. यातले बहुतेक त्यावरच सावरतात. "बघूया तरी काय झालंय" म्हणून घाईने परत स्कोप घालून फुगवू नका.

दुखणं अचानक वाढलं, नाडी वाढत चालली, मानेत चुरचुर लागली, ताप उतरेना, तर सीटी परत आणि सर्जनला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. नाइट ड्युटीच्या सिस्टरला ही चार चिन्हं कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलताना गळतं.

घरी सोडताना रुग्णाला सांगा: दोन ते चार आठवड्यांत चपाती, भाकरी अडकायला लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं. बरेच जण पेज आणि वरण-भातावर येतात आणि घरच्यांना सांगतात की खाणं जातंय. म्हणून "खाणं जातंय का" असं न विचारता "भाकरी जातेय का" असं विचारा.

केसच्या नोंदीत मोड, इफेक्ट, नाइफचं नाव, इंजेक्शनचा द्रव, किती वाहिन्या फोर्सेप्सने गोठवल्या आणि स्नायू कुठे दिसला, हे त्याच दिवशी लिहा. स्नायू दिसलेली जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि दातांपासूनच्या सेंटिमीटरमध्ये लिहिली की सीटी वाचणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.